धुतलेला हात

मला एका जागी बसवत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी इकडची तिकडं गेले तर कुणी नावं ठेवायला नको. आत्तासुद्धा दोन ओळी झाल्या की उठते, ओट्यावरून शेळ्यांच्या दावणीपर्यंत जाते, परत येते, परत दोन ओळी लिहिते. लिहिते डाव्या हाताने. उजवा गळ्यातल्या झोळीत असतो, आणि हे सगळं रामायण त्याचंच आहे.

आमचं गाव पाथर्डीच्या पुढं, माळावरचं. मी बारावीपर्यंत शिकले, मग लग्न, मग कोयता. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. म्हणजे ऊसतोडीला जायचं ते जोडीनेच, एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळ्या बांधून गाडीत चढवायच्या. इतके हंगाम केले, पाचटाने अंग सोलून निघालं, मोळ्या वाहून मानेला घट्टे पडले, पण मोठी इजा अशी कधी झाली नाही. आणि हात मोडला तो कुठं? घरी, मोरीत, भांडी घासताना पाय घसरून. आता याला हसावं का रडावं!

मनगट मोडलं होतं. पाथर्डीला प्लास्टर घातलं आणि त्या प्लास्टरच्या आतच आग सुरू झाली. मोडक्या हाडाचं दुखणं मी पाहिलेलं आहे. माझ्या भावाचा पाय मोडला होता, तो दोन दिवस कण्हला आणि तिसऱ्या दिवशी पत्ते खेळायला बसला. हे तसलं नव्हतं. तव्यावर हात टेकलाय आणि उचलता येत नाही, असं ते होतं. मी डॉक्टरला म्हटलं, प्लास्टर काढा, आत काहीतरी जळतंय. ते म्हणाले, "ताई, थोडं सोसायला शिका." बाळंतपणं घरात झाली माझी, मला हा माणूस सोसायला शिकवतोय! मी तिथंच त्यांना चार शब्द सुनावले, आणि मालकांनी माझा डावा दंड धरून मला बाहेर आणलं.

मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडे असंच म्हणतात. माणूस गरीब गाय. मी चार वाक्यं बोलल्यावर त्यांचं अर्धं वाक्य येणार, तेही "बरं" नाहीतर "ऱ्हाऊ दे" असलं.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो हात निघाला तो माझा वाटतच नव्हता. सुजलेला, चकचकीत, सकाळी निळसर तर दुपारी लालभडक. हात लावून बघावा तर गारठलेला, आणि आत मला वाटतंय की चुलीत घातलाय. पदराचा काठ लागला तरी किंकाळी निघायची. माशी बसली तरी. शेजारच्या खोलीत कुणी पंखा लावला आणि दारातून झुळूक आली तरी मी ओरडायची. पाण्याचं तर नावच नको. अंघोळ करताना उजवा हात दाराबाहेर काढून ठेवायची आणि आतून अंगावर पाणी घ्यायची. पाहुणी आलेली एक बाई मला तशी बघून देवाचं नाव घेत पळाली.

आणि मग ते चालणं लागलं. बसलं की आग वाढते, उभं राहिलं की वाढते, चाललं की निदान मन पायात जातं. अंगणात, बांधावर, रस्त्याला, नुसत्या येरझारा. शेळ्यासुद्धा मान वर करून बघायच्या. स्वयंपाक डाव्या हाताने, तोही फिरत फिरत. भाकरी थापायचं बंदच झालं. मालक थापायचे. त्यांच्या भाकरीला आकार नसायचा, पण बाप्या माणूस भाकरी थापतोय हे बघायला भावकीतल्या बायका काही ना काही निमित्त काढून डोकवायच्या. एक म्हणाली, "हाड जुळलंय म्हणं की. मग आता काय झालंय हिला? कामाचा कटाळा, दुसरं काय." मी तिला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

पण तिचं तरी काय चुकलं? हाड जुळलंय हेच सगळे सांगत होते. पाथर्डीत फोटो काढला, हाड जुळलंय. नगरला मोठ्या हाडाच्या डॉक्टरकडं गेलो, तिथं परत फोटो, हाड एकदम छान जुळलंय. त्या फोटोत माझं हाड मीही बघितलं. खरंच छान जुळलं होतं, वाद घालायला जागा नव्हती.

आता इथं मला जरा नीट सांगावं लागेल, कारण घोळ इथंच आहे.

नगरला जायचं म्हणजे गावातून जीपने पाथर्डी, तिथून एसटी, मग रिक्षा. रस्त्यात खड्डे. तो हात घेऊन एवढा प्रवास करायचा म्हणजे जिवावरचंच काम. म्हणून आम्ही काय करायचो, तर निघायच्या दिवशी सकाळी गावातल्या डॉक्टरकडून सुई घ्यायचो. कंबरेत देतात ती, दुखणं मारणारी. तिने आग विझत नाही, पण दोन-तीन तास गुंगी येते, आग कुणा दुसऱ्याच्या अंगात असल्यासारखी लांब जाते. तेवढ्यात प्रवास उरकायचा.

आणि सुई घेतलीच आहे तर त्या गुंगीत आणखी एक काम व्हायचं. हात धुवायचं. एरवी त्या हाताला पाणी लागत नव्हतं, म्हणजे कातडीवर पापुद्रे साचलेले, नखं वाढून आत वळलेली, बोटांच्या बेचक्यांत मळ, वासही यायचा. असा हात घेऊन डॉक्टरसमोर कसं जायचं? आमच्या आईने आम्हाला शिकवलंय, देवाला आणि दवाखान्याला पारोसं जाऊ नये. आमच्या गावातून कुणीही नगरच्या दवाखान्यात निघालं की आधी अंघोळ, डोक्याला तेल, पेटीतलं लुगडं, गडी माणूस असला तर दाढी करून इस्त्रीची टोपी. मरायला टेकलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा आधी पुसूनपासून काढतात, मगच गाडीत घालतात. खेड्यातली माणसं घाणेरडी, असं कुणी म्हणायला नको!

तर सुई लागली की मालक माझ्यासमोर पाट घेऊन बसायचे. कोमट पाणी, मऊ फडकं. एकेक बोट सुटं करायचे, बेचक्या पुसायचे. मग नखं काढायचे, दातांत जीभ धरून. मी गुंगीतसुद्धा शिव्या घालायची. ते म्हणायचे, "झालं, झालं, एकच ऱ्हायलंय," आणि अजून चार राहिलेली असायची. मग खोबरेल लावायचे, हलक्या हाताने. मग धोतराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून, वरून लोकरीची टोपी घालून हात झोळीत ठेवायचे. त्या सगळ्या जंजाळात माझ्या हाताला कुणी हात लावायचं ते फक्त त्याच वेळी. बाकी दिवस मी कुणाला हातभर अंतरावरसुद्धा येऊ देत नव्हते. त्यांनाही नाही.

मग नगरला पोचायचं. डॉक्टरसाहेब झोळी सोडायला लावायचे. आतून काय निघणार? स्वच्छ, तेल लावलेला, उबेत राहून गुलाबी झालेला, नखं काढलेला हात. आणि वर मी, पेंगुळलेली, चांगल्या साडीत. ते विचारायचे, "काय, कसं काय?" आणि मी म्हणायची, "बरं आहे." अहो, कुणी कसं काय विचारलं तर माणूस काय म्हणतं? बरं आहे असंच म्हणतं की! मालक मागून हात जोडून, "बरं हाय सायेब." साहेब एका बोटाने दाबून बघायचे, मी सुईच्या गुंगीत नुसती आवंढा गिळायची. ते म्हणायचे, "हात तर छान दिसतोय. व्यायाम करा. फार मनाला लावून घेऊ नका." एकदा त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. एकदा मालकांना बाजूला घेऊन विचारलं, घरात काही भांडणं आहेत का.

परतीच्या वाटेवर सुई उतरायची. एसटीत मी उभी राहायची, दोन बाकड्यांच्या मधे तीन पावलं पुढं, तीन मागं. कंडक्टर ओरडायचा, "ओ बाई, बसा की जागेवर!" मी म्हणायची, तू बस माझ्या जागेवर.

असं दोन वर्षं चाललं. मधे एका चोळणाऱ्याकडेही जाऊन आलो, त्याने गरम तेलाने मनगट रगडलं आणि मी बेशुद्ध पडले. सगळ्यात वाईट म्हणजे बोटं आत वळायला लागली होती. आधी करंगळी, मग तिच्या शेजारची. मी डाव्या हाताने सरळ करायला जायची आणि डोळ्यांपुढं अंधारी यायची. मला दिसत होतं की हा हात हळूहळू मिटत चाललाय. तो मिटला की संपलं. उजवा हात आहे हो, तोच माझी चूल, कोयता, खुरपं सगळं. एकदा मी देवाला म्हणून बसले, दुखणं राहू दे, पण हात दे. मग लगेच शब्द मागे घेतला. तसलं दुखणं ठेवून नुसता हात घेऊन काय करू?

शेवटी हाडाच्या डॉक्टरांनी आम्हाला एक चिठ्ठी दिली. कंटाळले होते बहुतेक. म्हणाले, इथंच नगरात, सावेडीला एका दवाखान्यात दुखण्याच्या डॉक्टर येतात, महिन्यातून दोनदा, पुण्याहून. दुखण्याचा पण वेगळा डॉक्टर असतो? मग बाकीचे कशाचे असतात? मी असं विचारणारच होते, पण मालकांनी डोळे वटारले. त्यांनी डोळे वटारले की मला हसू येतं, त्यांना ते जमत नाही.

नंबर लागायला दीड महिना गेला. पहिल्या तारखेला डॉक्टरबाई आल्याच नाहीत, आम्ही सावेडीपर्यंत जाऊन, धुऊनपुसून, सुई वाया घालवून परत. दुसरी तारीख मिळाली ती आणखी पुढची. त्या दिवशी सकाळी सुईसाठी गेलो तर गावातल्या डॉक्टरचं शटर बंद. मेव्हण्याच्या लग्नाला गेले होते. लग्नसराई होती, गावात अर्धी घरं बंद होती.

मालक म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे. असा हात घिऊन कुठं जाती?"

"मग कधी जायचं? परत दीड महिन्याने?"

"अगं पण बघ की त्याच्याकडं. नखं बघ. काय म्हनत्याल ती मान्सं?"

"म्हणू द्या काय म्हणायचं ते! नखं बघायला येतात का त्या पुण्याहून?"

अंगणात एवढ्या मोठ्यांदा भांडलो की जीपवाला हॉर्न वाजवायचा थांबला. मी तशीच जाऊन जीपमध्ये बसले, अंगावर घरातलंच लुगडं. मालक कपाळाला हात लावून मागून आले.

त्या प्रवासाचं काय सांगू? प्रत्येक खड्डा मनगटातून दातांपर्यंत जात होता. एसटीत एका माणसाची पिशवी झोळीला घासली आणि मी असा हंबरडा फोडला की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. पिशवीवाला बिचारा हात जोडून उभा. कुणीतरी म्हणालं, बाईला वारं आलंय. मी म्हटलं, हो आलंय, सरका लांब! मग मला ऐसपैस जागा मिळाली. सावेडीच्या दवाखान्यात बसायला मऊ सोफे होते, त्यावर मी टेकलेसुद्धा नाही. त्या गुळगुळीत फरशीवर नुसती इकडून तिकडं, आणि हात पदराखाली. आग तर होतीच, वर लाज. इतकी माणसं, पांढरे कपडे, फिनेलचा वास, आणि माझ्या पदराखालून येणारा तो वास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

डॉक्टरबाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. मी आत गेले आणि बसलेच नाही. त्या म्हणाल्या, "कसं काय?"

माझं डोकं फिरलं. "कसं काय म्हणजे? जळतंय! दोन वर्षं जळतंय आणि सगळे म्हणतात छान आहे. आणि आज हात धुतलेला नाही, आधीच सांगते. नाक दाबायचं तर दाबा."

मालक मागून, "मॅडम, राग नका मानू, ती..."

डॉक्टरबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. उठून माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, मी हात लावणार नाही, फक्त बघते. मी पदर बाजूला केला. त्या वाकून बघायला लागल्या, कितीतरी वेळ. वळलेली नखं, पापुद्रे, निळी पडलेली बोटं. घामाने ओला झालेला तळवा. मग कापसाचा एक पुंजका घेतला, विचारलं, लावू का, आणि अंगठ्याच्या मुळाशी नुसता टेकवला. मी ओरडले ते बाहेर सोफ्यावरच्या लोकांनीही ऐकलं असणार.

त्यांनी कापूस टाकून दिला. "नखं कधी काढलीत?"

"मागच्या खेपेला यायच्या आधी."

"आधीच्या डॉक्टरांनी हात असा बघितला होता का? असा?"

आणि इथं मालक पुढं झाले. इतक्या वेळात त्यांना पहिल्यांदा बोलायला काहीतरी चांगलं सापडलं होतं. "न्हाई न्हाई, मॅडम. असा कसा न्यायचा? येवडं कळतं आमाला. दर खेपंला सुई दिऊन मी सोता धुतो. कोमट पान्यानं. नखं काढतो, तेल लावतो. आजच डाक्टर नव्हता म्हनून ऱ्हायलं, न्हाईतर..." सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता. बायकोची एवढी सेवा करतो, हे निदान एका शिकलेल्या माणसाला तरी कळतंय, असं वाटलं असेल त्यांना.

डॉक्टरबाई खुर्चीत जाऊन बसल्या. मग हळू आवाजात सांगायला लागल्या. हाड मोडल्यावर कधीकधी हाड बरं होतं आणि नसाच बिथरतात. फोटोत त्यांचं काही दिसत नाही. दिसतं ते हातावर. हात गार पडतो, रंग बदलतो, सूज येते, घाम येतो. पाण्याचा थेंब सोसत नाही, नखं काढू देत नाही. "हे सगळं बघूनच आम्ही ओळखतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही तेच धुऊन आणत होतात."

मालकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं. "मंजी," ते म्हणाले, "मी धुतला म्हनून..."

"लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांना मानते. पण त्या क्षणी मला त्यांचासुद्धा राग आला. अंगाचा तिळपापड झाला माझा. "यांचं काय चुकलं?" मी म्हटलं. "आम्ही अडाणी, आम्हाला वाटलं स्वच्छ जावं. पण दोन वर्षांत एवढे डॉक्टर झाले, एकाने तरी विचारलं का, की बाई, हा हात तू धुतेस कसा? फोटो बघतात सगळे, माणसाला कोण विचारतंय!" बोलता बोलता मला रडू फुटलं. डॉक्टरबाईंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे." एवढंच. दोन वर्षांत दवाखान्यातलं कुणी मला पहिल्यांदा बरोबर म्हणालं होतं.

उपाय त्यांनी सांगितला. गोळ्या, ज्या पाथर्डीत मिळत नाहीत आणि नगरलाही दुकानं पालथी घालावी लागतात. आणि मानेत एक इंजेक्शन, नसांच्या गाठीपाशी, मशीनवर बघून द्यायचं. त्याने काही वेळ आग थांबली तर त्या वेळात बोटं हलवून घ्यायची. असं पुन्हा पुन्हा केलं तर बोटं मोकळी व्हायची आशा आहे. नाही केलं तर हात असाच मिटणार. आणि एक गोष्ट बजावली. "दुखणं परत कधी सुरू झालं ते मला अगदी खरं सांगायचं. त्यावरून मी पुढचं ठरवणार. बरं आहे, ठीक आहे, असलं काही मला चालणार नाही."

इंजेक्शनची तारीख मिळाली, मग मशीन बिघडलं म्हणून पुढं गेली, मग परत मिळाली. त्या मधल्या दिवसांत घरात वेगळंच सुरू झालं. मालक माझ्या हाताकडं बघेनात. जेवण वाढताना ताट लांबून सरकवायचे. झोळीची गाठ सुटली तर मी डाव्या हाताने आणि दातांनी बांधत बसायची आणि ते तोंड फिरवून शेळ्यांकडं जायचे. मी म्हटलं, "अहो, झालं ते झालं." ते म्हणाले, "व्हय." मी म्हटलं, "तुम्ही मुद्दाम केलं का?" ते म्हणाले, "न्हाई." एवढंच. आधीच कमी बोलणारा माणूस, तो पार मुका झाला. मला त्यांच्यावर ओरडायलाही जागा उरली नाही आणि ओरडल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं. आगीने मी अंगणात फिरायची आणि ते कशाने कोण जाणे, बांधावर फिरायचे. बघणाऱ्याला वाटलं असेल, या घरातली माणसं काहीतरी हरवलेलं शोधताहेत.

मग तो दिवस आला. मला टेबलावर निजवलं, मान मागं करून. हलायचं नाही, गिळायचं नाही, बोलायचं नाही. मला! मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या आणि पडून राहिले. सुई आत गेली. काही वेळाने उजव्या डोळ्याची पापणी आपोआप खाली आली, आवाज बसला. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, तसं होतं, संध्याकाळपर्यंत जातं. आणि मग हातात ऊब उतरायला लागली, खांद्याकडून, हळूहळू, बोटांपर्यंत. आणि आग थांबली.

कमी झाली असं नाही, थांबली. गावातली पिठाची गिरणी बंद पडली की एकदम कानाला कळतं ना, की इतका वेळ आवाज होता, तसं. मी पडल्या पडल्या वाट बघत होते, आता येईल, आता येईल. येत नव्हती. बाजूला व्यायाम करवून घेणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी माझी बोटं एकेक करून उघडली, मिटली, उघडली. ताण कळत होता, दुखणं नव्हतं. मी रडले नाही. हसायला लागले, आणि बसलेल्या आवाजात ते हसू असं काही निघालं की त्या बाईसुद्धा हसायला लागल्या. पुढची तारीख देताना डॉक्टरबाईंनी परत बजावलं, परत कधी सुरू होतंय ते लक्षात ठेवा.

परत येताना एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. मी बसले. खरंच बसले, पाठ टेकून. मालक माझ्या उजवीकडं, पण एवढे कडेला सरकून की अर्धे मधल्या वाटेत. मी हात झोळीतून काढून मांडीवर ठेवला, उघडा. वाऱ्याची झुळूक येत होती, आणि मला नुसती झुळूक लागत होती, बाकी काही नाही.

मी म्हटलं, "धरा."

"काय?"

"हात धरा माझा."

"नगं," ते म्हणाले. "माझ्या हातानं परत काय व्हायचं..."

"धरा म्हणते ना!" आवाज बसलेला, म्हणून ते ओरडणं घोगरंच निघालं. पुढच्या बाकावरच्या म्हातारीने वळून बघितलं. "दोन वर्षांत धरला नाही, आता देतेय तर नगं म्हणताय! लोक हसतील मला."

त्यांनी आपला हात पदरासारखा पसरून माझ्या हाताखाली घातला आणि दुसरा वरून ठेवला. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू धरतात, तसा. हळूहळू त्यांच्या खांद्यातला ताठपणा गेला. ते नीट बाकावर सरकून बसले. आणि मग बोलायला लागले. मला वाटलं ऐकण्यातच काही चूक होतेय. मधलं वावर पुढच्या वर्षी बाजरीलाच ठेवू म्हणाले. काळ्या शेळीला यंदा दोन होतील म्हणाले. तुझा हात आला की दिवाळीला तुझ्या हातची भाकरी खाईन, माझ्या भाकरीला माझाच जीव विटलाय म्हणाले. इतकं एका दमात ते लग्न ठरतानासुद्धा बोलले नव्हते. बोलताना त्यांचा अंगठा माझ्या हातावरून फिरत होता, त्यांना ते कळतही नव्हतं.

करंजी घाट लागला आणि करंगळीच्या टोकाला काहीतरी चमकलं.

मी श्वास धरला. दुसऱ्या वळणावर ते मनगटापर्यंत आलं. तिसऱ्यावर तीच जुनी आग, तशीच, आणि तिच्यावरून फिरणारा त्यांचा अंगठा. प्रत्येक फेरीला डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. मला हात हिसकावून उठायचं होतं, त्या गाडीत किंचाळत फिरायचं होतं. मालक काळ्या शेळीबद्दल सांगत होते. मधेच थांबून म्हणाले, "दुखतंय का गं?"

"न्हाई," मी म्हटलं. आवाज बसलेला होता हे बरं झालं.

घाट गेला, तिसगाव गेलं. मी खिडकीबाहेर तोंड करून दात आवळून बसून राहिले, आणि त्यांनी हात सोडला नाही. पाथर्डीच्या स्टँडवर गाडी लागली, लोक उठायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "आता सुरू झालंय बघा. सोडा."

त्यांनी पटकन हात काढून घेतले, पण चेहरा पडला नाही. "पाथर्डीपस्तोर टिकलं की!" ते म्हणाले. "लई झालं. पुढल्या खेपंला गावापस्तोर टिकंल." जीपमध्ये त्यांनी ते ड्रायव्हरलाही सांगितलं, आणि मागं बसलेल्या दोघांनाही, ज्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं.

पुढच्या तारखेला मी आत एकटीच गेले. मालक म्हणाले येतो, मी म्हटलं, बाहेर बसा, बायकांच्या गोष्टी असतात. डॉक्टरबाईंना मी खरं तेच सांगितलं, करंजी घाट, पहिलं वळण. त्यांनी मान हलवली आणि औषध बदललं. मालकांना अजून पाथर्डीच माहीत आहे.